अब्रू कुणाला असते?

'मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये' हा आपल्याकडचा जुना संकेत आहे. तो सभ्य वाटतो. पण कोणत्या मेलेल्याविषयी, असा प्रश्न विचारला की त्याचे खरे रूप दिसते. गावात पाटील मेला तर त्याने बळकावलेल्या जमिनीचा विषय तिरडी उठण्याआधीच मिटतो. गावकुसाबाहेरचा माणूस मेला तर तो दारू पीत होता, कर्जबाजारी होता, चोरटा होता, असे त्याच्या पोराच्या तोंडावर बोलायला कुणाला संकोच वाटत नाही. म्हणजे हा संकेत मृत्यूचा मान राखत नाही, मेलेल्याच्या दर्जाचा राखतो.

हे सारे आठवण्याचे कारण अमेरिकेतला एक खटला. एका प्रसिद्ध माणसाने एका लेखकावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. दावा चालू असताना लेखकाचा खून झाला. वादीने दावा मागे घेतला नाही. मयताच्या इस्टेटीविरुद्ध, म्हणजे कागदोपत्री त्याच्या पत्नीविरुद्ध, तो पुढे चालवला. मग न्यायालयात काय व्हायचे ते झाले, पण त्याआधी लोकांच्या न्यायालयात निकाल लागून गेला होता. या लेखात मला मुख्यतः त्या दुसऱ्या न्यायालयाची समीक्षा करायची आहे. कारण ते न्यायालय आपल्याकडेही रोज भरते, आणि त्याच्यापुढे आपण बहुधा आरोपी म्हणून उभे असतो. कधीकधी मात्र ज्यूरीतही बसलेले असतो.

आधी हकीकत. ख्रिस काइल हा अमेरिकन नौदलाच्या 'सील' पथकातला नेमबाज. इराकच्या युद्धात तो चार वेळा गेला. अधिकृत नोंदीप्रमाणे १६० माणसे मारल्याचे श्रेय त्याला दिले जाते. जानेवारी २०१२ मध्ये त्याचे 'अमेरिकन स्नायपर' हे आत्मकथन दोन सहलेखकांच्या मदतीने निघाले आणि धडाक्याने खपले. त्यात एक छोटे प्रकरण होते. २००६ साली इराकमध्ये मारल्या गेलेल्या एका सहकाऱ्याच्या स्मरणार्थ कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडो गावी एका दारूच्या गुत्त्यात जवान जमले होते. तिथे एक नामांकित माणूस आला, युद्धाविरुद्ध बोलला, तुमच्यातले काही मरायलाच हवेत अशा अर्थाचे बोलला, आणि मी त्याला ठोसा मारून खाली पाडले, असे काइलने लिहिले होते. पुस्तकात त्या माणसाचे नाव नव्हते, 'स्क्रफ फेस' असे एक टोपणनाव होते. पण पुस्तकाच्या जाहिरातीसाठी रेडिओवर आणि दूरदर्शनच्या वाहिनीवर मुलाखती झाल्या तेव्हा त्याने नाव सांगितले : जेसी व्हेंच्युरा.

हा व्हेंच्युरा म्हणजे एकेकाळचा नावाजलेला कुस्तीगीर, सिनेनट, आणि १९९९ ते २००३ या काळात मिनेसोटा राज्याचा गव्हर्नर. विशेष म्हणजे तो स्वतः तरुणपणी नौदलाच्या पाण्याखालील सुरुंगपथकात होता. हे पथक पुढे 'सील'मध्येच विलीन झाले. इराकच्या युद्धाला त्याचा जाहीर विरोध होता. त्याचे म्हणणे असे की ही मारामारी झालीच नाही, ते वाक्य मी उच्चारलेच नाही, आणि ज्या माणसांना मी आपली माणसे मानतो त्यांच्यात या गोष्टीने माझे तोंड दाखवणे अशक्य केले. त्याने २०१२ सालीच दावा लावला.

२ फेब्रुवारी २०१३ रोजी टेक्सासमध्ये काइल आणि त्याचा एक मित्र यांना एका माजी सैनिकाने गोळ्या घातल्या. त्या मनोरुग्ण सैनिकाला मदत करावी म्हणूनच ते त्याला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेले होते. काइलचे स्मृतिकार्य फुटबॉलच्या प्रचंड क्रीडागृहात झाले. पुढे क्लिंट ईस्टवुडने त्या पुस्तकावर चित्रपट काढला आणि त्याने पन्नास कोटी डॉलरांहून अधिक धंदा केला. काइल आता माणूस राहिला नव्हता, तो दैवत झाला होता. आणि दैवतावर दावा चालू होता.

इथून लोकांची प्रतिक्रिया सुरू होते. तिचे तीन सूर होते. पहिला : हा माणूस एका विधवेला कोर्टात खेचतो आहे. दुसरा : देशासाठी लढलेल्या वीराला हा खोटारडा म्हणतो आहे. तिसरा : एवढा मोठा गव्हर्नर, एवढा मोठा पहिलवान, याला एका गुत्त्यातल्या गोष्टीचे एवढे काय लागले? या तिन्ही सुरांत एक गोष्ट समान आहे. ती मारामारी झाली होती की नाही, हे त्यांतला एकही विचारत नाही.

विधवेचा मुद्दा आधी घेऊ, कारण तोच सर्वात जास्त काळजाला भिडतो. ताया काइल ही दुःखात असलेली स्त्री होती, दोन मुलांची आई होती. तिच्याविषयी कुणाही माणसाला कणव वाटेल, आणि वाटावी. पण कायद्यात ती प्रतिवादी झाली ती पत्नी म्हणून नव्हे; नवऱ्याच्या इस्टेटीची व्यवस्थापक म्हणून. इस्टेट म्हणजे पुस्तकातून आलेला आणि येत राहणारा पैसा. पुस्तक चालूच होते, खपतच होते. लेखक मेला म्हणून पुस्तक मरत नाही. उलट या पुस्तकाचे तर लेखकाच्या मरणानंतर बळ वाढले. जे विधान वादीच्या म्हणण्याप्रमाणे खोटे होते, ते लाखो प्रतींतून रोज नव्याने उच्चारले जात होते. तेव्हा उत्तर कुणी द्यायचे? मेलेला देऊ शकत नाही, विधवेला विचारायचे नाही आणि प्रकाशक गप्प. अशा वेळी खोटे बोलले गेले असेल तर त्याला अमरत्व मिळते. लोक विधवेच्या बाजूने उभे राहिले असे दिसले. प्रत्यक्षात विधवेला पुढे करून पुस्तकाची बाजू राखली गेली. स्त्रीच्या दुःखाचा असा ढालीसारखा उपयोग करणे ही पुरुषी समाजाची फार जुनी सवय आहे, आणि तिच्यात स्त्रीविषयीचा आदर शोधायला जाऊ नये.

दुसरा सूर वीराचा. ज्याने देशासाठी बंदूक धरली त्याचे प्रत्येक वाक्य खरे, असे हे गणित आहे. पण समोरचा माणूसही त्याच नौदलातला होता. मग एका सैनिकाचा शब्द दुसऱ्यापेक्षा जड का झाला? कारण एक युद्धाच्या बाजूचा होता आणि दुसरा युद्धाच्या विरोधातला. म्हणजे वजन गणवेशाचे नव्हते, मताचे होते. युद्धाला विरोध करणारा माणूस जवानांच्या मरणाची इच्छा करत असलाच पाहिजे, अशी गोष्ट ऐकायला लोक आधीपासूनच तयार बसले होते. काइलने ती त्यांना सांगितली. जी गोष्ट आपल्या मनात आधीच लिहून ठेवलेली असते, तिला पुरावा लागत नाही. आपल्या देशात 'हे राखीव जागेवरचे, यांना काही येत नाही' ही गोष्ट अशीच आधीपासून लिहिलेली असते. एखाद्या दलित डॉक्टरच्या हातून चूक झाल्याची अफवा उठली की तिला साक्षीदार विचारले जात नाहीत.

तिसरा सूर मोठ्या माणसाच्या जाड कातडीचा. हा सूर मात्र सहज झटकून टाकता येणार नाही, कारण त्याच्यात एक खरा मुद्दा दडलेला आहे, आणि तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

न्यायालयात काय झाले? जुलै २०१४ मध्ये सेंट पॉल येथे खटला उभा राहिला. काइलची साक्ष त्याच्या हयातीत चित्रफितीवर घेतलेली होती, ती ज्यूरीला दाखवण्यात आली. त्याच्या बाजूने त्याचे मित्र आणि सहकारी उभे राहिले. आम्ही काही पाहिले, काही ऐकले असे त्यांनी सांगितले, पण तपशील एकमेकांशी नीट जुळेनात. व्हेंच्युराच्या बाजूने त्या दिवसांतली छायाचित्रे आली, त्यांत तोंडावर मार लागल्याची खूण नव्हती. दहा जणांच्या ज्यूरीचे एकमत होईना, तेव्हा दोन्ही पक्षांनी बहुमताचा निकाल मान्य करायचे ठरवले. २९ जुलै २०१४ रोजी आठ विरुद्ध दोन असा निकाल व्हेंच्युराच्या बाजूने लागला. बदनामीबद्दल ५ लाख डॉलर आणि खोट्या गोष्टीवर मिळवलेल्या लाभाबद्दल सुमारे १३ लाख ४५ हजार डॉलर, अशी रक्कम ठरली. पुढच्या आवृत्त्यांतून ते प्रकरण काढून टाकण्याचे प्रकाशकाने जाहीर केले.

पण गोष्ट इथे संपली नाही. १३ जून २०१६ रोजी अपिलाच्या न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने लाभाची रक्कम रद्द केली आणि बदनामीचा निकालही बाजूला ठेवून फेरसुनावणी सांगितली. कारण असे की प्रकाशकाच्या विम्यातून पैसे भरले जातील असे व्हेंच्युराच्या वकिलाने ज्यूरीला सुचवले होते, आणि ते नियमाविरुद्ध होते. मारामारी झाली होती किंवा काइल खरे बोलला होता, असे अपिलाच्या न्यायालयाने म्हटलेले नाही. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हात घालायला नकार दिला आणि डिसेंबर २०१७ मध्ये प्रकाशकाशी तडजोड होऊन प्रकरण मिटले. तडजोडीच्या अटी जाहीर झाल्या नाहीत.

अपिलाचा निकाल आला तेव्हा काइलच्या चाहत्यांनी 'वीर निर्दोष ठरला' असा जल्लोष केला. ज्या लोकांनी ज्यूरीचा निकाल 'तांत्रिक' म्हणून धुडकावला होता, त्यांनीच आता खरोखरीच्या तांत्रिक निकालाला सत्याचा शिक्का मानले. आणि तांत्रिक म्हटला तरी तो निकाल फालतू नव्हता. पैसा कुणाच्या खिशातून जाणार हे कळल्यावर माणसाचे सत्याविषयीचे मत बदलते, हे न्यायालयाने ओळखले होते. विधवेच्या खिशातून जाणार म्हटले की लोक एक म्हणतात, विमा कंपनीच्या खिशातून जाणार म्हटले की दुसरे. दोन्ही वेळा प्रश्न बाजूला राहतो तो सत्याचा.

आता पुस्तकाकडे पुस्तक म्हणून पाहू. आपल्या वाचकांना यात विशेष रस असायला हवा, कारण आत्मकथन हा आपला वाङ्मयप्रकार आहे. 'बलुतं' १९७८ मध्ये आले, 'उपरा' १९८० मध्ये, 'अक्करमाशी' १९८४ मध्ये. तेव्हा प्रस्थापित समीक्षेने विचारले की हे साहित्य आहे की नुसती कैफियत. आपल्यातल्या शिकून वर गेलेल्या काहींनी विचारले की घरातले वेशीवर कशाला टांगता. त्या सगळ्या वादात आपल्या लेखकांचे बळ एकाच गोष्टीत होते : हे घडले आहे. भाकरी मागताना झालेला अपमान, आईची लाज, स्वतःचे भेकडपण, सगळे घडलेले आहे, आणि सांगणारा स्वतःलाही सोडत नाही. आत्मकथन म्हणजे शपथेवरची साक्ष. कथाकाराला जी मुभा असते ती आत्मकथनकाराला नसते. आणि साक्षीत दुसऱ्या जिवंत माणसाचे नाव आले की जबाबदारी दुप्पट होते.

काइलचे आत्मकथन या कसोटीवर कसे उतरते? त्या पुस्तकात सांगणारा कधी खाली पडत नाही. तो नेहमी मारतो, नेहमी बरोबर असतो. त्याच्या शौर्यपदकांचा पुस्तकातला आकडाही पुढे टिकला नाही. दोन रौप्यतारे आणि पाच कांस्यतारे असे पुस्तक सांगत होते. २०१६ साली नौदलाने नोंद दुरुस्त करून एक रौप्य आणि चार कांस्य असे ठरवले. माणूस शूर नव्हता असे यातून निघत नाही. चार वेळा रणांगणावर जाणारा भित्रा नसतो. पण शूर माणूस खोटे बोलू शकतो, ही साधी गोष्ट पचवायला लोक तयार नव्हते. वीरगाथा आणि आत्मकथन यांतला फरक इथेच आहे. वीरगाथेला शत्रू लागतो, नसेल तर ती तो निर्माण करते. आत्मकथनाला सत्य लागते, ते गैरसोयीचे असले तरी.

आता त्या राहिलेल्या मुद्द्याकडे येतो. मोठ्या माणसांनी अब्रुनुकसानीचे दावे लावावेत का? अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर काळ्या माणसांच्या लढ्यातून आले आहे, आणि ते आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. २९ मार्च १९६० रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावनिधीसाठी एक पानभर जाहिरात आली. अलाबामातल्या विद्यार्थ्यांवरील दडपशाहीचे वर्णन तिच्यात होते. काही तपशील चुकले होते : किंग यांना चार वेळा अटक झाली होती, जाहिरातीत सात वेळा म्हटले होते, विद्यार्थ्यांनी राष्ट्रगीत म्हटले होते, जाहिरातीत दुसऱ्या गीताचे नाव होते. एवढ्यावर मॉन्टगोमेरी शहराचा पोलीस खात्याचा आयुक्त सलिव्हन याने दावा लावला. जाहिरातीत त्याचे नावही नव्हते. संपूर्ण गोऱ्या ज्यूरीने त्याला ५ लाख डॉलर देवविले. वृत्तपत्राबरोबर चार काळ्या धर्मोपदेशकांनाही प्रतिवादी केले होते, त्यांची नावे तर त्यांना न विचारताच जाहिरातीत घातली गेली होती. त्यांच्या मोटारी जप्त झाल्या. अब्रुनुकसानीचा कायदा हा चळवळीचा गळा आवळण्याचा दोर झाला होता. ९ मार्च १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो दोर कापला. सार्वजनिक अधिकाऱ्याला दावा जिंकायचा असेल तर लिहिणाऱ्याने जाणूनबुजून खोटे लिहिले, किंवा खरेखोटे पाहण्याची बेफिकीर हेळसांड केली, हे त्याने सिद्ध केले पाहिजे, असा नियम झाला. पुढे तो सर्वच सार्वजनिक व्यक्तींना लागू झाला.

व्हेंच्युराला हाच डोंगर चढावा लागला. नुसते 'खोटे आहे' म्हणून भागले नसते. 'खोटे आहे हे त्याला ठाऊक होते' इथपर्यंत ज्यूरीला न्यावे लागले. म्हणून त्या ज्यूरीच्या निकालाला मी वजन देतो. काळ्यांच्या लढ्याने बांधलेला हा उंबरठा ओलांडून तो निकाल आला होता. आणि म्हणूनच लाभाची मोठी रक्कम अपिलात रद्द झाली याचेही मला दुःख नाही. पुस्तकाचा नफाच काढून घेण्याची प्रथा पडली असती, तर उद्या हाच पायंडा एखाद्या कारखानदाराने एखाद्या कामगाराच्या आत्मकथनाविरुद्ध वापरला असता. अनेक वृत्तपत्रसंस्था त्या मुद्द्यावर इस्टेटीच्या बाजूने न्यायालयात गेल्या, त्या याच भीतीने. ही दोन्ही मते मी एकदम बाळगतो. मिनेसोटातल्या त्या माणसाला सत्य विचारण्याचा हक्क होता. आणि सामर्थ्यवानाच्या हातातले हे हत्यार बोथटच असले पाहिजे. यात विसंगती आहे असे ज्यांना वाटते त्यांनी मॉन्टगोमेरीच्या त्या चार मोटारी आठवाव्यात.

पण या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कुणी विचारलाच नाही, आणि तो मला सर्वात मोठा वाटतो. त्या पुस्तकात इराकी माणसांना रानटी ठरवले आहे. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा. ज्यांच्या देशावर २००३ साली चालून गेले, ज्यांच्याकडे सांगितलेली संहारक शस्त्रे सापडलीच नाहीत, त्या लोकांची अब्रू कोणत्या न्यायालयात मोजायची? दाढीवाल्या पहिलवानाच्या एका वाक्यासाठी पाच लाख डॉलर. दुर्बिणीच्या काचेतून दिसलेल्या माणसांसाठी शून्य. 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकातल्या २०१३ च्या एका लेखात आणखी एक गोष्ट आली. २००५ साली न्यू ऑर्लिन्स शहर पुरात बुडाले तेव्हा आपण तिथल्या क्रीडागृहाच्या छतावरून लुटारूंना टिपले, असे काइल मित्रांना सांगत असे. या गोष्टीला कसलाही दुजोरा मिळाला नाही. ती खोटी असणे हेच बरे. पण बढाई म्हणून तरी ती का सांगावीशी वाटली? त्या पुरात अडकलेली माणसे बहुतांशी काळी आणि गरीब होती. आपण अशा माणसांना मारले असे सांगितल्याने ऐकणाऱ्यांत मान वाढतो, अशी सांगणाऱ्याची खात्री होती. त्या न मेलेल्या, कल्पनेत मारलेल्या काळ्या माणसांच्या वतीने दावा लावणारे कुणी नव्हते. कायद्याच्या लेखी त्यांची अब्रू नव्हतीच, कारण त्यांना नावे नव्हती.

अब्रू ही मालमत्तेसारखी आहे. ज्याच्याकडे आधीपासून असते त्याचीच चोरी होऊ शकते. ज्याच्या जातीचे नाव हीच शिवी आहे, त्याने अब्रू गेल्याचा दावा कसा लावायचा? आपल्याकडे दंडविधानात बदनामीचे कलम १८६० पासून होते, पण भर चौकात जातीवरून अपमान झालेल्या माणसाला त्या कलमाने कधी तारले नाही. त्यासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यावा लागला. बदनामीचे कलम अब्रूदारांसाठी होते. अपमानाचे कलम, अब्रू नाकारलेल्यांसाठी, स्वातंत्र्यानंतर बेचाळीस वर्षांनी आले.

हाच खटला आपल्या देशात असता तर? आपल्या १९२५ च्या वारसा कायद्याच्या ३०६ व्या कलमाप्रमाणे बदनामीचा दिवाणी दावा माणसाबरोबर मरतो. तो इस्टेटीविरुद्ध चालत नाही. काइल मेला त्या दिवशी व्हेंच्युराचा दावाही संपला असता. उलट मेलेल्याची बदनामी हा मात्र आपल्याकडे फौजदारी गुन्हा होऊ शकतो, त्याच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने ती केली असेल तर. भारतीय दंडविधानाच्या ४९९ व्या कलमाचे हे स्पष्टीकरण २०२४ पासून न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात तसेच आले आहे. ही फौजदारी बदनामी घटनात्मक आहे असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०१६ रोजी सांगितले, अमेरिकेतल्या त्या अपिलाच्या निकालाच्या बरोबर एक महिना आधी. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा : मेलेल्या माणसाने केलेल्या बदनामीचे उत्तर मागता येत नाही, पण मेलेल्या माणसाविषयी बोलणाऱ्याला तुरुंग दाखवता येतो. पुतळ्यांच्या देशाला शोभेल असाच हा कायदा आहे.

आणि मेलेल्या लेखकाच्या ग्रंथावर लोकांचा खटला कसा चालतो हे महाराष्ट्राला शिकवण्याची गरज नाही. १९८७ साली शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड, 'रिडल्स इन हिंदुइझम', प्रसिद्ध केला. लेखकाला जाऊन एकतीस वर्षे झाली होती. राम आणि कृष्ण यांच्यावरील परिशिष्टावरून काहूर उठले, ग्रंथाची होळी झाली, परिशिष्ट गाळण्याची भाषा झाली. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत आपल्या लोकांचा विराट मोर्चा निघाला तेव्हा ते राहिले, तेही शासन या मतांशी सहमत नसल्याची टीप घेऊन. तिथे 'मेलेल्यावर बोलू नये' हा संकेत कुणाला आठवला नाही. बाबासाहेबांनी धर्मग्रंथांतले आधार देऊन लिहिले होते, आणि ते आधार तपासायला सर्वांना मोकळे होते. विरोधकांतल्या फार थोड्यांनी ते तपासले. काइलच्या बाजूने आधार विचारू नका म्हणणारे आणि बाबासाहेबांचे आधार न वाचता पुस्तक जाळणारे, हे एकाच शाळेचे विद्यार्थी आहेत. त्या शाळेत 'कोण म्हणाले' एवढाच विषय शिकवतात. 'काय म्हणाले' आणि 'कशावरून' हे विषय अभ्यासक्रमात नाहीत.

शेवटी बोट स्वतःकडे वळवतो, कारण त्याशिवाय ही समीक्षा अर्धी राहील. आपल्या चळवळीतही आता मेलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या आठवणी, आत्मकथने, मुलाखती छापल्या जात आहेत. त्यांत जिवंत आणि मृत सहकाऱ्यांविषयी लिहिलेले असते : अमक्याने पैसे खाल्ले, तमका फुटला, मोर्चाच्या आदल्या रात्री अमका पोलिसांना भेटला. एखादा जुना कार्यकर्ता, ज्याच्याकडे ना पक्ष ना पुस्तक, उठून म्हणतो की हे घडले नाही. तेव्हा आपण काय करतो? 'ते आता नाहीत, जाऊ द्या' असे म्हणतो. 'एवढ्या मोठ्या माणसाला खोटे ठरवतोस?' असे म्हणतो. त्यांच्या पत्नीच्या दुःखाचा दाखला देतो. शब्दाला शब्द तोच. फक्त इथे समोरचा माणूस गव्हर्नर नसतो, त्याला वकील परवडत नाही, आणि दावा लावला तरी तो कायद्याने टिकणारा नसतो. त्याच्यासाठी ज्यूरी म्हणजे आपणच, या नियतकालिकाचे वाचक, चळवळीचा इतिहास शिकवणारे शिक्षक, त्या इतिहासावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी.

अशा माणसाचे पत्र आले तर ते छापले पाहिजे. मूळ लेखनाला जेवढी जागा दिली तेवढीच त्यालाही दिली पाहिजे, आणि पुढच्या आवृत्तीत त्याचे म्हणणे तळटीप म्हणून गेले पाहिजे. हे करायला कोर्ट लागत नाही, विमा लागत नाही. मेलेल्या लेखकाचा याने अपमानही होत नाही. ज्या समाजाला हजारो वर्षे साक्ष देण्याचाच अधिकार नव्हता, त्याने साक्षीची उलटतपासणी घ्यायला भिऊ नये.